कोरडा खुंटा

आमच्या घरात शाळा पाळीनं होती. एक दिवस माझी, एक दिवस ताईची. जिची शाळा नाही तिचं वावर. वावर म्हणजे नाल्याच्या काठचा अडीच एकराचा तुकडा. नाल्यापलीकडे जंगल आणि जंगलात वानरं. तुरीला शेंग धरली, हरभऱ्याला घाटे आले, की वानरांची टोळी भर दिवसा उतरायची. माय आणि बाबा दोघंही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात. म्हणून राखण आम्हा दोघी बहिणींकडे. सोबत गोफण, फडक्यात बांधलेली भाकर आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा.

वानर पोरीबाळींना भीत नाही, हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. मी डबा बडवायची आणि हुप्प्या माझ्याकडे बघत बघत शेंग सोलायचा. दगड मारला तर दात दाखवायचा. संध्याकाळी बाबा येऊन तुरीची खाली पडलेली साल बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं मला हुप्प्याच्या दातांपेक्षा जास्त लागायचं.

एक दिवसाआड शिकलेलं गणित एक दिवसाआडच येतं. ताई दहावीला गणितात नापास झाली. लोक म्हणाले, पोरगी ढ आहे. ती ढ नव्हती. अर्धं गणित तिच्या वावराच्या पाळीला शिकवून झालं होतं, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता तर पाळी बदलायलाही कोणी उरलं नाही. मी नववीत होते आणि माझी शाळा सुटणार हे घरात सगळ्यांना कळलं होतं. फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं.

तेव्हा कुत्रा आला. बाबा एका शेतकऱ्याच्या कापसाच्या गाडीवर हमाल म्हणून कारंज्याच्या बाजाराला गेले होते. येताना दुपट्ट्यात गुंडाळून पिलू घेऊन आले. काळं, छातीवर पांढरा डाग, एक कान उभा, एक पडलेला.

माय म्हणाली, "माणसालेच पुरत नाही, अन् हे कायले आणलं?"

"राखणीले," बाबा म्हणाले.

"हे राखन? याले तर मांजर उचलून नेईन."

मांजरीनं नेलं नाही. वर्षभरात त्याच्या छातीचा पत्रा झाला. पुढच्या तुरीच्या हंगामात मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी असताना त्यानं पहिल्यांदा हुप्प्याला नाल्यापार नेलं. परत आला तेव्हा त्याचा पडलेला कान फाटला होता आणि शेपटी झेंड्यासारखी वर होती. त्यानंतर सकाळी माय त्याला अर्धी भाकर टाकायची, बाबा त्याला वावरात सोडून मजुरीला जायचे, आणि तो दिवस मावळेपर्यंत एकटा राखण करायचा. माझी शाळा रोजची झाली. मग कॉलेज, बीएस्सी, बीएड. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. अंगणात काढलेला पदवीचा फोटो भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला आहे. त्या फोटोत खालच्या कोपऱ्यात एक काळी शेपटी आहे. फोटोवाला म्हणाला होता, ताई, कापून टाकू का? मी म्हटलं, हात लावू नको.

त्याला नाव आहे. पण या लिहिण्यात मी कोणाचंच नाव घालायचं नाही असं ठरवलं, तर त्याचंही नाही. गेली दोन-तीन वर्षं सगळे त्याला म्हाताराच म्हणतात. बारा वर्षांचा कुत्रा म्हणजे म्हाताराच. दात झिजले, तोंडावर पांढरे केस आले, वावर सुटलं. अंगणात शेळीचा खुंटा आहे, त्या खुंट्याजवळ दिवसभर पडून राहायचं, एवढीच त्याची नोकरी. आणि दुसरी नोकरी म्हणजे रोज पहाटे त्याच खुंट्यावर तंगडी वर करायची. माय रोज सडा टाकताना त्याला शिव्या देत खुंट्यावर लोटाभर पाणी ओतायची.

गेल्या वर्षीच्या भादव्यात हे सगळं बिघडलं.

भादवा म्हणजे भाद्रपद. आमच्याकडे तो कुत्र्यांचा महिना. सोयाबीन पिवळी पडायला लागते, गावातल्या कुत्र्या माजावर येतात, आणि एकेकीमागं सात-आठ नर गल्लीगल्लीनं फिरतात. भांडतात, खात नाहीत, झोपत नाहीत, प्रत्येक खांबाला, प्रत्येक गाडीच्या चाकाला तंगडी वर करतात. भादव्यात कुत्र्यानं काहीही केलं तरी गावाकडे त्याचं एकच उत्तर तयार असतं.

तर आमचा म्हातारा एका सकाळी खुंट्याजवळून उठला आणि बसायचं विसरला. खुंट्याला तंगडी, मग माझ्या स्कुटीच्या चाकाला, मग बाहेर विजेच्या खांबाला, मग परत खुंट्याला. मध्येच कमरेत वाकून उभा राहायचा. मध्येच बसून पोटाखाली चाटत राहायचा. लगेच उठायचा. अंगणात गोल, गल्लीत लांब, परत अंगणात गोल.

समोरच्या घरचे काका तोंडात ब्रश घालून ओट्यावर उभे होते. ते ओरडले, "काय हो, तुमच्या बुढ्याले भादवा चढला वाटते!"

बाबा हसले. "चढनच ना. माल जुना आहे, पण टिकाऊ आहे."

"सांभाळा, नाईतर पळून जाईन एखादीसंग."

"जाऊ दे. आमचं नाव तं राहीन."

गल्लीभर हसू झालं. मीही हसले. नुसती हसले नाही, मोबाइल काढला, त्याचा व्हिडिओ केला, मागं लग्नाच्या बँडचं संगीत लावलं आणि स्टेटसला टाकला. 'आमच्या म्हाताऱ्याला भादवा.' शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांनी बघितला. मी वाशीमला एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. चित्रकलेच्या सरांनी तर दोनदा लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भाकर हुंगून सोडली. मी स्कुटी बाहेर काढत होते. माय अंगण झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "काय व, दोन दिस झाले, खुंट्यावर पाणी टाकाचं कामच नाई पडलं. कोरडा ठणठणीत."

"बरं झालं ना मग," मी म्हटलं आणि निघाले.

तिसरा तास नववीचा. विषय उत्सर्जन संस्था. मी फळ्यावर आकृती काढत होते. ही आकृती मी डोळे मिटून काढू शकते, आणि तसं मी मुलांना सांगतेही. दोन वृक्कं, दोन मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय, त्याच्याखाली बाहेर जायचा मार्ग. मूत्राशयापर्यंत आले आणि खडू थांबला. कोरडा ठणठणीत. दोन दिवस. तो प्रत्येक खांबाला तंगडी वर करत होता, पण खांब ओला झाला होता का? मी व्हिडिओ काढला, बँड लावला, आणि एवढं बघितलं नव्हतं.

मी मुलांना धडा वाचायला सांगितला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"सर, अर्धी सुट्टी पाहिजे."

"काय झालं? घरी बरं आहे ना?"

"कुत्र्याची लघवी अडली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, कुत्र्यासाठी सुट्टी?"

"हो सर."

"तोच का? भादव्याचा?"

"तोच. पण तो भादवा नव्हता सर."

मागं दारात कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं नाही. हसण्याचा परवाना मीच वाटला होता.

शिरपूरच्या रस्त्यावरून आमचं गाव आत आहे. त्या दिवशी तो रस्ता मला फार लांब वाटला. घरी आले तर म्हातारा खुंट्याभोवती फिरत होता. चालत होता म्हणण्यापेक्षा, थांबता येत नाही म्हणून पाय टाकत होता. मी पोटाखाली हात घातला. मागच्या पायांच्या पुढं, खाली, फुगवलेल्या चेंडूसारखं कडक लागलं. ज्या कुत्र्यानं मला आयुष्यात दात दाखवला नव्हता, तो माझ्या मनगटावर गुरगुरला. मग जणू लाज वाटली म्हणून माझा हात चाटला आणि पिवळं पाणी ओकला.

बाबा शेळीला पाला टाकत होते.

"बाबा, याले दवाखान्यात न्यावं लागते. आत्ता."

"काहून? भादव्यात कुत्रे खात नाईत."

"यानं दोन दिवस लघवी नाई केली."

"करून तं राह्यला दिवसभर. पाह्य ना, तंगडी वरच आहे."

"तंगडी वर आहे. खाली पाह्य. माती ओली आहे का?"

बाबांनी खाली बघितलं. पाल्याची मोळी हातातच राहिली. म्हातारा पुन्हा एकदा खुंट्याशी उभा राहिला, तंगडी वर केली, अंग थरथरलं. एक थेंब पडला, लालसर. मातीनं तो लगेच पिऊन टाकला.

"ऑटो पाह्य," बाबा म्हणाले.

गावातल्या ऑटोवाल्यानं आधी कुत्रं गाडीत घ्यायला नाही म्हटलं, मग पोतं अंथरायला लावलं. म्हातारा पोत्यावर बसेना. वाशीमपर्यंत तो उभाच होता. खड्डा आला की बाबांच्या मांडीवर आदळायचा, परत उभा राहायचा, तोंड बाहेर काढायचा, आत घ्यायचा. बाबा दोन्ही हातांनी त्याची छाती धरून बसले होते. मी घड्याळ बघत होते.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बाबा दारातच थबकले आणि हळूच मला म्हणाले, "बाई आहे व."

"मग?"

"आता हे असं दुखनं... तिले कसं सांगाचं?"

"मी सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं, जसं फळ्यावर सांगते तसंच.

त्यांनी पोट दाबून बघितलं. मग विचारलं, "शेवटची मोकळी लघवी कधी झाली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बारा वर्षं घरात असलेला जीव, आणि हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

"आम्हाला वाटलं भादवा आहे," मी म्हटलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. या महिन्यात माझ्याकडे असे कुत्रे उशिराच येतात. सुरू कधी झालं, ते तरी आठवा."

मग मला मोबाइल आठवला. बँडचा आवाज बंद करून मी व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं, एकदा बघितलं, परत मागं नेऊन बघितलं.

"हे बघा. तीन वेळा पाय वर केला. धार एकदाही नाही. नुसते थेंब. हा परवाचा म्हणजे परवापासून अडत आलंय. थेंब थेंब जात होतं म्हणून तो अजून उभा आहे. आता तेही बंद होतंय. पूर्ण अडलं तर विष अंगात चढतं, नाहीतर पिशवी फुटते. आजचा दिवस घालवला असता तर उद्या आणायला काही राहिलं नसतं."

त्यांनी हातमोजा चढवला, बोटाला तेलकट जेल लावलं आणि मागून तपासायला घेतलं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर गाईगुरांच्या लसीकरणाचं पोस्टर होतं, ते त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं असेल.

"प्रोस्टेट सुजली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. म्हाताऱ्या नर कुत्र्यांत ती वाढते. बहुतेकांची त्यानं संडास अडते. याला सोबत जंतूंची लागणही दिसतेय, म्हणून इतकी सुजली की लघवीची वाटच दाबली गेली." मग बाबांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "काका, तुमच्या वयात माणसांनाही होतं हे."

"मले काई नाई," बाबा पोस्टरला म्हणाले. "तुमी कुत्र्याचं बोला."

नळी टाकायची होती. कुत्र्याची नळी दवाखान्यात नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तान्ह्या बाळाला नाकातून दूध पाजायची नळी असते, ती चालते म्हणाल्या. मी पळत समोरच्या मेडिकलवर गेले. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"बाळ किती दिवसांचं आहे ताई?"

"बारा वर्षांचं."

"अं?"

"लवकर द्या हो दादा, बाळाला शेपटी आहे."

त्यानं नळी दिली. वर दोन हातमोजेही दिले.

टेबलावर बाबांनी त्याचं डोकं धरलं, मी मागचे पाय. डॉक्टरांनी नळी सरकवायला सुरुवात केली. बोटभर गेली आणि अडली. बाहेर काढली, जेल लावलं, परत घातली. परत अडली. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून, नुसत्या बोटांच्या अंदाजानं, थोडी फिरवत आत लोटली. बाबा म्हाताऱ्याच्या फाटक्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मग नळीच्या तोंडाशी एक तपकिरी थेंब आला. मग दुसरा. मग धार लागली, काळ्या चहासारखी, आणि तिचा वास खोलीभर पसरला. स्टीलचा ट्रे भरला, बादली घ्यावी लागली. एकदम सगळी काढायची नाही म्हणून डॉक्टर मध्ये मध्ये नळी चिमटीत धरत होत्या. बादलीत धार पडत होती आणि टेबलावर म्हाताऱ्याचं पोट माझ्या हाताखाली हळूहळू मऊ होत होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान खाली टेकवली.

सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. नळी टाक्यांनी बांधून ठेवली, तीन दिवसांसाठी. गोळ्या दिल्या. मग त्या म्हणाल्या, "नळी आणि गोळ्यांनी आजचं काम झालं. ग्रंथी पुन्हा सुजेल. तिला वाढवतो तो नराचा रस. म्हणून खरा इलाज म्हणजे खच्चीकरण. वृक्कं सावरली की करून घेऊ."

बाबा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "नाई," ते म्हणाले.

"का काका?"

"बैलाले खच्ची करतात, कारन त्याले जुंपाचं असते. यानं तं सारं काम करून टाकलं. आता म्हातारपनी काहून त्याचं मरदपन काढून घेता?"

"काका, काढलं नाही तर हे परत होईल."

"होऊ द्या. पाहू तवा."

मी मध्ये पडले, पण बाबांनी म्हाताऱ्याला उचललं आणि ऑटोत जाऊन बसले.

पुढचे तीन दिवस घरात कोणीच धड बसलं नाही. म्हाताऱ्यानं नळी चावू नये म्हणून मी एका जुन्या बादलीचं बूड कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली. तो बादली घेऊन दाराच्या चौकटीला आदळायचा. माय म्हणायची, "हे काय नवरदेव बांधून ठेवला व?" काका ओट्यावरून बघायचे, पण आता काही म्हणत नव्हते. मी शाळेत जायची, दोन तासांच्या मध्ये फोन लावायची. माय नळीतून किती थेंब पडले ते सांगायची. रक्ताचा अहवाल आला. वृक्कांना झळ लागली होती, पण सावरण्यासारखी. तो थोडी पेज खायला लागला. हे सगळं चांगलं होतं, तरी मला वर्गात खडू धरवत नव्हता, कारण नळी निघाल्यावर काय, हे कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बाबांवर घसरले. "तुमी काकासंग हसत होते. टिकाऊ माल म्हणे. त्या हसन्यापायी तो मेला असता."

बाबा शांतपणे म्हणाले, "अन् तू नाई हसली?"

मी म्हाताऱ्याच्या गळ्यातली बादली सरळ करायला लागले.

"तू तं शिकलेली. आमी अडानी, आमाले भादवा दिसला. तुले काय दिसलं?"

मी मोबाइल काढला, तो व्हिडिओ पुसायला गेले, आणि पुसला नाही. असू दे म्हटलं. मी काय बघितलं आणि काय नाही बघितलं, याची नोंद राहू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नळी काढली. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत बघा. नाही केली तर रात्रीपर्यंत थांबू नका, फोन करा.

चार वाजता बाबा त्याला घेऊन वावराकडे निघाले. मी मागं. माय दारात उभी. नाल्याच्या काठाला बाभळीचं झाड आहे, तिथं तो तरुणपणी पहारा करायचा. सोयाबीन कमरेइतकी पिवळी उभी होती. म्हाताऱ्यानं बाभळीला हुंगलं, तंगडी वर केली.

काही नाही.

तेव्हा बाबांनी शीळ घातली.

वखराला जुंपलेले बैल धुऱ्यावर थांबवले की गडीमाणूस एक शीळ घालतो. हळू, लांब, एकाच सुरात. बैलानं मुतावं म्हणून. बैल ती शीळ ऐकतो, पाय ताणतो आणि मोकळा होतो. मग वखर परत सुरू. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैलांसाठी ती शीळ घातली. आमच्याकडे स्वतःचे बैल कधी नव्हतेच. तीच शीळ त्यांनी आता कुत्र्यासाठी घातली.

म्हाताऱ्यानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पाय ताणले, कंबर वाकवली, कुंथला. थेंब नाही. बाबांनी परत शीळ घातली. तो सरकून पुढच्या झुडपाला गेला. परत शीळ. तो परत बाभळीला. मी धुऱ्यावर उभी राहून दोघांना बघत होते. एक म्हातारा शीळ घालतो, दुसरा तंगडी वर करतो आणि मान वळवून पहिल्याकडे बघतो, जणू सांगितलेलं काम जमत नाही म्हणून माफी मागतोय. नाल्यापलीकडे वानरं बसली होती. एकही उतरलं नाही. सूर्य कलला तसे बाबांचे ओठ कोरडे पडले. शीळ फुटेना, नुसती हवा निघायला लागली.

मग ते खाली बसले. म्हातारा त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकला.

"त्या बाईले फोन लाव," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. "म्हन, करून टाका काय कराचं ते. याचं मरदपन मीच धरून बसलो होतो. त्याले तं फक्त मुताचं होतं."

मी तिथूनच फोन लावला. ऑटोवाल्यानं या वेळी पोतं स्वतःच अंथरलं होतं. डॉक्टर थांबल्या होत्या. नळी परत टाकली, पोट मोकळं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त पुन्हा बघून ऑपरेशन केलं. मोठं काही नव्हतं. त्याच्या वयाला भूल झेपते की नाही, हाच धोका होता. तेवढा वेळ बाबा बाहेर कडुनिंबाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, "तूच बस." मी पण उभीच होते.

भूल उतरली तेव्हा त्यानं पहिल्यांदा डोळा उघडला तो बाबांच्या आवाजाला. डॉक्टर म्हणाल्या, ग्रंथी आक्रसायला वेळ लागेल, घाई करू नका. घाई आम्ही काय करणार होतो? नळी आणखी चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी काढली. त्या संध्याकाळी थोडी लघवी पडली, तुटक, दोन टप्प्यांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब थेंब. आम्ही परत नळीची तयारी करून बसलो.

तिसऱ्या सकाळी मी शाळेची बॅग भरत होते. अंगणातून शीळ ऐकू आली. हळू, लांब, एकाच सुरात. मग शीळ मध्येच थांबली. मी बाहेर आले. बाबा खुंट्यापासून दोन हात अंतरावर उभे होते, तोंड तसंच चंबू केलेलं, आणि खुंट्याला धार लागली होती. तुटक नाही, टप्प्यांत नाही. ती पडत राहिली, पडत राहिली, मातीत ओहोळ झाला आणि तो शेळीच्या पायांपर्यंत गेला. म्हाताऱ्यानं तंगडी खाली घेतली, एकदा हुंगलं, मागच्या पायांनी माती उकरली आणि जाऊन सावलीत पसरला.

माय हातात झाडू घेऊन उभी होती. ती आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली.

शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं, "पेशंट कसा आहे?" मी म्हटलं, "मुतला सर." स्टाफरूम परत हसली. या वेळी मीही हसले.

आता यंदाचा भादवा सुरू आहे. गल्लीत कुत्र्यांची वरात फिरते, आणि कोणाचा म्हातारा कुत्रा चार-पाच वेळा खांबाला उभा राहिला की समोरचे काका ओट्यावरून ओरडतात, "अरे, आधी खाली पाह्य, माती ओली आहे का!" नववीला उत्सर्जन संस्था शिकवताना मी मूत्राशयाशी खडू थांबवते आणि मुलांना विचारते, घरच्या जनावराची शेवटची मोकळी लघवी कोणी बघितली? निम्म्या वर्गाचं उत्तर येत नाही. मग मी सांगते, उद्या बघून या.

आमचा म्हातारा तेरा वर्षांचा झाला. रोज पहाटे तो स्वतःहून उठतो आणि शेळीच्या खुंट्यावर पूर्ण लघवी करतो.